सिग्नलचा हात आणि जुनी छायाचित्रे

रेल्वेचे जुने छायाचित्र हाती आले, की नजर आधी इंजिनाकडे जाते. मग डबे, फलाटावरची माणसे, स्थानकाची पाटी. कडेला उभा असलेला लोखंडी खांब आणि त्याच्या टोकाचा हात सहसा शेवटी दिसतो, कधी कधी दिसतही नाही. इतिहासाचा पुरावा म्हणून मात्र चित्रातला हा कोपरा फार मोलाचा असतो. इंजिन कोणत्या जातीचे होते हे कारखान्याच्या नोंदींतूनही कळते. पण त्या क्षणी पुढचा मार्ग मोकळा होता की नाही आणि केबिनमधल्या माणसाने काय ठरवले होते, हे तो हातच सांगतो. अट एवढीच, की आपल्याला तो वाचता आला पाहिजे.

हात वाचायचा तर तो तसा का घडवला गेला हे समजून घ्यावे लागते. तसे करू लागलो, की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: यंत्र बिघडणारच असेल, तर ते कोणत्या बाजूला बिघडावे? रेल्वे सिग्नलचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे, बऱ्याचदा अपघातांतून शिकत शिकत दिलेले उत्तर आहे. या लेखात ते उत्तर नागपूरच्या आधाराने पाहू या.

चार दिशांचे रूळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, हे आपण सर्वांनी शिकवले आहे. त्याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळमार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोचले. पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत आधी मीटरगेज मार्ग झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि १८९१ पर्यंत आसनसोलशी जोडला. १९२० च्या दशकात उत्तरेला इटारसीचा मार्ग झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेला बल्लारशाह ते काझीपेठ हा दुवा पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास रस्ताही नागपुरातून जाऊ लागला. आजच्या मुख्य स्थानकाची दगडी इमारत १९२५ ची आहे.

याखेरीज नागपूरला आणखी एक रेल्वे होती, अडीच फूट रुंदीची नॅरोगेज. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बंगाल नागपूर रेल्वेने इतवारीहून एक फाटा सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याकडे, तर दुसरा उमरेड, भिवापूरवरून नागभीडकडे नेला. तिची दुरुस्तीशाळा मोतीबागेत होती.

एका शहरात इतक्या रेल्वे एकत्र आल्यामुळे नागपूरला आजही नागपूर याच नावाचे दोन रेल्वे विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. इतक्या दिशांनी येणाऱ्या गाड्या एकमेकींवर आदळू न देणे हे काम कितीतरी वर्षे लोखंडी खांबावरच्या लाकडी किंवा पत्र्याच्या हातांनी केले.

'सिग्नल पडला'

आपल्या बोलण्यात या हातांच्या दोन खुणा राहिल्या आहेत. पहिली, 'गाडी आउटरला उभी आहे.' स्थानकात शिरण्याआधीचा सर्वांत बाहेरचा थांबा-सिग्नल म्हणजे आउटर. त्याच्या आत होम सिग्नल, आणि गाडी सुटताना लागतो तो स्टार्टर. आउटर नावाचा खांब पुष्कळ ठिकाणी नाहीसा झाला, तरी खोळंबलेला प्रवासी अजून त्याचेच नाव घेतो.

दुसरी खूण म्हणजे 'सिग्नल पडला'. नव्या माणसाला हे शब्द विचित्र वाटतील. पडणे म्हणजे काहीतरी बिघडणे. इथे मात्र अर्थ उलटा, मार्ग मोकळा झाला आणि गाडी येणार! याचे कारण जुन्या सिग्नलच्या रचनेत आहे. हात आडवा असेल तर थांबा, आणि खाली झुकला तर चला. फाटकाजवळ उभे असलेले लोक तो झुकताना पाहत आणि म्हणत, 'पडला'. या प्रकाराला लोअर क्वाड्रंट म्हणतात, कारण हात वर्तुळाच्या खालच्या चतुर्थांशात फिरतो. पुढे अप्पर क्वाड्रंट आला. त्यात हात आडव्यापासून वर उचलला जातो: ४५ अंशांवर म्हणजे सावध, आणि सरळ ९० अंशांवर म्हणजे पुढचा मार्ग मोकळा. हात खाली पडण्याऐवजी वर जाऊ लागला, हा बदल का झाला? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

लपणारा हात

हात हलवून दूरवर निरोप देण्याची कल्पना रेल्वेच्या आधीची आहे. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने उंच मनोऱ्यांवर हलते लाकडी हात बसवून १७९४ मध्ये पॅरिस ते लील अशी संदेशांची रांग सुरू केली. 'सेमाफोर' हे नाव ग्रीक शब्दांवरून बनले, अर्थ 'खूण वाहणारा'. इंग्लंडमध्ये चार्ल्स हटन ग्रेगरी या अभियंत्याने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनजवळ न्यू क्रॉस येथे असा हात रेल्वेच्या कामाला लावला.

त्या काळी गाड्यांमध्ये अंतर ठेवायचे ते वेळेचे. एक गाडी गेली, की काही मिनिटे हात आडवा, म्हणजे थांबा. मग आणखी काही मिनिटे तिरपा, म्हणजे सावध. त्यानंतर हात खाली येऊन खांबाच्या खाचेत पूर्ण लपे, म्हणजे खुशाल चला. हात एरवी लपलेलाच असे. धोका असेल तेव्हाच तो बाहेर काढायचा.

या रचनेतली खोट लक्षात येते का, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. पुढे गेलेली गाडी वाटेत बंद पडली तर घड्याळाला ते कळत नाही, ही पहिली खोट. दुसरी अधिक खोल आहे. हात दिसत नाही याचा अर्थ 'मार्ग मोकळा' असा ठरवला, तर मोडून पडलेला हात, अडकलेला हात आणि धुक्यात न दिसणारा हात, तिघेही चालकाला 'चला' असेच सांगणार.

२१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधल्या ॲबट्स रिप्टन येथे नेमके हेच घडले. जोराचे हिमवादळ चालू होते. खांबांच्या खाचांत आणि हातांवर बर्फ साचून हात खालीच गोठले. केबिनमधल्या माणसाने खटका मागे टाकला, पण हात उठला नाही. स्कॉटलंडहून येणारी वेगवान गाडी मोकळा मार्ग समजून पुढे गेली आणि मागे सरकत असलेल्या कोळशाच्या मालगाडीवर आदळली. थोड्याच वेळात समोरून आलेली लीड्सची गाडी त्या ढिगाऱ्यात शिरली. १३ प्रवासी दगावले.

यातून दोन धडे घेतले गेले. सिग्नलची नेहमीची स्थिती 'थांबा' अशी असावी. 'चला' ही परवानगी एका गाडीपुरती द्यावी आणि ती गेल्यावर लगेच काढून घ्यावी. आणि हात खाचेत लपता कामा नये, तो सदैव दिसला पाहिजे.

गुरुत्वाकर्षणाची नेमणूक

आता बिघाडाचा प्रश्न नीट मांडता येतो. केबिनपासून सिग्नलपर्यंत एक तार जाते. खटका ओढला, की तार ओढली जाते आणि हात 'चला' दाखवतो. समजा, तार तुटली. हात कोणत्या स्थितीला जावा? अर्थातच 'थांबा'. पण तुटलेली तार काही ओढू शकत नाही. तेव्हा हे काम अशा बलाकडे सोपवायला हवे जे कधी रजेवर जात नाही. ते बल म्हणजे गुरुत्वाकर्षण.

लोअर क्वाड्रंटमध्ये इथे एक अडचण आहे. हाताचे स्वतःचे वजन त्याला खाली, म्हणजे 'चला'कडे ओढते. म्हणून खिळीच्या दुसऱ्या बाजूला, रंगीत काचा बसवलेली बिडाची चौकट मुद्दाम जड केलेली असते. वजन गुणिले खिळीपासूनचे अंतर, हा आघूर्ण चौकटीच्या बाजूला जास्त ठेवला, की मोकळा सोडलेला हात आडवाच होतो. खांबाच्या पायथ्याच्या तरफेवरही एक वजन असते. तार तुटली की ते खाली बसते. तरी शंका उरतेच. हातावर बर्फ साचला किंवा चौकटच मोडून पडली, तर तराजू फिरू शकतो.

अप्पर क्वाड्रंटमध्ये ही शंकाच काढून टाकली आहे. तिथे 'चला' म्हणजे वर आणि 'थांबा' म्हणजे खाली येऊन आडवे होणे. त्यामुळे हाताचे स्वतःचे वजन सुरक्षेच्या बाजूने काम करते, आणि वर बर्फ साचला तर तोही त्याच बाजूने ओढतो. 'पडणारा' सिग्नल 'उठणारा' झाला तो यामुळे.

दिव्याच्या रंगांची कथाही याच वळणाची आहे. सुरुवातीला रात्रीसाठी पांढरा दिवा म्हणजे 'चला', हिरवा म्हणजे 'सावध' आणि लाल म्हणजे 'थांबा' असे होते. मग लाल काच फुटली तर? मागचा दिवा पांढरा दिसणार, आणि 'थांबा'चे 'चला' होणार. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पांढऱ्याला हा अर्थ देणे थांबवून 'चला'साठी हिरवा ठरवला गेला. घासलेटच्या दिव्याची ज्योत पिवळसर असते. त्यामुळे अशा चौकटीतली 'हिरवी' काच हातात घेऊन पाहिली तर ती बरीच निळसर दिसते. ज्योतीचा पिवळा उजेड तिच्यातून आला, की हिरवा दिसतो. प्रकाशाच्या पाठात हे उदाहरण चांगले बसते.

नागपूरचा उन्हाळा आणि केबिनमधले चाक

बर्फाची भीती नागपूरला नाही. इथला प्रश्न उन्हाचा. पोलादी तार तापली की लांबते. एक मीटर तार एका अंश सेल्सिअसला साधारण ०.००००१२ मीटर वाढते. आकडा नगण्य वाटतो. पण तार एक किलोमीटर असेल तर दर अंशाला १.२ सेंटीमीटर होतात. मे महिन्यातल्या पहाटेपासून दुपारपर्यंत उघड्यावरच्या तारेचे तापमान २५ अंशांनी वाढले असे धरा. तार ३० सेंटीमीटर लांबली! आणि खटका ओढल्यावर तार सरकते ती जेमतेम वीत-दीड वीत. म्हणजे दुपारी केबिनमनने सगळा जोर लावून खटका ओढला, तरी तो सगळा ओढा तारेचा झोल काढण्यातच संपेल आणि दूरचा हात जागचा हलणार नाही किंवा अर्धवट झुकेल.

ही चूक सुरक्षित बाजूची आहे. गाडी उगाच थांबेल, एवढेच. आता उलट विचार करा. दुपारी सैल झालेली तार केबिनमनने ताणून घेतली आणि रात्री गारवा आला. तार आखडली. कोणीही खटका ओढलेला नसताना तारेने हात थोडासा ओढला, आणि थांब्याचा हात किंचित झुकलेला दिसू लागला. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. म्हणून केबिनमध्ये तार ताणण्या-सैल करण्यासाठी चाकासारखी सोय असे, आणि ऊन चढताना व उतरताना ती फिरवणे हा केबिनमनच्या रोजच्या कामाचा भाग होता. त्याच्या जोडीला चालकासाठी नियम होता: हात नीट आडवा किंवा नीट 'चला'त नसेल, अर्धवट असेल, तर तो 'थांबा' असाच समजायचा. पुढे दुहेरी तारेची पद्धत आली. तिच्यात तारेचा फेरा दोन्ही बाजूंनी जातो आणि तापमानातला फरक वजने टांगलेली यंत्रणा आपोआप सावरते.

जुन्या छायाचित्रात किंचित झुकलेला हात दिसला, तर लगेच 'सिग्नल मोकळा' असे लिहून टाकू नये, हे यावरून कळते. कदाचित तो फक्त तारेचा खेळ असेल. सावल्या लांब आहेत की आखूड, हेही पाहावे.

सांध्याला विचारल्याशिवाय नाही

हात बरोबर पडला, पण रुळांचा सांधा दुसऱ्याच मार्गाला लागलेला असला तर? केबिनमन माणूस आहे. दमलेला, घाईत असलेला माणूस चुकीचा खटका ओढू शकतो. यावर इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी याने १८५६ मध्ये एका रचनेचे पेटंट घेतले, आणि पुढच्या वर्षांत त्याने व इतरांनी ती विकसित केली. खटक्यांच्या खाली लोखंडी पट्ट्या आणि खाचा अशा बसवल्या, की सांधा योग्य मार्गाला लागून पक्का झाल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल-खटका हलतच नाही. आणि सिग्नल दिल्यावर सांध्याचा खटका अडकून राहतो. याला इंटरलॉकिंग म्हणतात. भारतात १८९० च्या दशकात नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर लिस्ट आणि मोर्स यांच्या नावाने ओळखली जाणारी, चाव्यांच्या आधारे चालणारी स्वस्त पद्धत आली. कल्पना सोपी आहे: सांध्याला कुलूप लागले तरच चावी निघते, आणि ती चावी लागल्याशिवाय सिग्नलचा खटका सुटत नाही.

नागपूरकरांना हे पटवून द्यायला मोहननगरजवळच्या डायमंड क्रॉसिंगचे उदाहरण पुरेसे आहे. तिथे रूळ एकाच पातळीवर रुळांना छेदतात. वर पूल नाही, खाली बोगदा नाही. एका दिशेची गाडी तिथून जात असताना आडव्या दिशेला 'चला' मिळणे अशक्य असले पाहिजे. 'मिळू नये' एवढे पुरत नाही, 'मिळूच शकत नाही' अशी रचना हवी. पूर्वी ती अशक्यता लोखंडी पट्ट्यांत घडवत. आज ती विजेच्या मंडलांत आणि संगणकात असते.

माध्यम बदलले तरी जबाबदारी तीच राहते. २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गाला लागलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली आणि त्या अपघातात २९० हून अधिक माणसे गेली. सिग्नलच्या जोडण्यांत केलेल्या बदलांतल्या चुका हे कारण चौकशीत पुढे आले. सिग्नलने सांध्याला विचारल्याशिवाय 'चला' म्हणू नये, ही सॅक्सबीच्या काळातली अट तिथे मोडली होती. जुन्या खटक्यांचा इतिहास केवळ हौशी लोकांसाठी नाही, हे यावरून ध्यानात यावे.

छायाचित्र कसे वाचावे

आता पुन्हा चित्राकडे वळू. छायाचित्रकला आणि रेल्वे भारतात जवळपास बरोबरीने आल्या. बोरघाटाच्या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे पूर्ण करून घेतले आणि घाटकामाची छायाचित्रेही टिपली. त्या काळातल्या ओल्या कोलोडियनच्या काचेला उजेड दाखवायला कित्येक सेकंद लागत. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत सुमारे १७ मीटर पुढे जाते, म्हणजे चित्रात नुसता पुसट पट्टा उमटणार. म्हणून अशा चित्रांतली इंजिने उभीच असतात. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत मांडली, काही वर्षांत ती पुष्कळ वेगवान झाली आणि मग धावती गाडी पकडता येऊ लागली. हेच गणित मुलांना पुढे करू द्यावे: ताशी ६० किलोमीटरची गाडी १/६० सेकंदात २८ सेंटीमीटर जाते, १/५०० सेकंदात फक्त सव्वातीन सेंटीमीटर.

दुसरी गोष्ट रंगांची. जुन्या काचांना निळा उजेड जास्त जाणवे आणि लाल जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे उमटे आणि लाल हात काळा. सर्व रंग जाणवणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, आणि त्यानंतरही कृष्णधवल चित्रात लाल व हिरवा ओळखणे कठीणच राहिले. मग आपण काय पाहायचे? आकार. चौकोनी टोकाचा हात थांबा-सिग्नलचा. टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असेल, तर तो पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा, म्हणजे वॉर्नर किंवा डिस्टंट. आपल्याकडे लोअर क्वाड्रंटमध्ये आउटरच्या खांबावर, खालच्या बाजूला वॉर्नरचा हात असे. दोन्ही आडवे तर थांबा; वरचा पडला आणि खालचा आडवा, तर पुढे थांबायच्या तयारीने या; दोन्ही पडले, तर गाडी न थांबता मुख्य मार्गाने जाणार.

आकारावर भर देण्याचे आणखी एक कारण डोळ्याचे आहे. सुमारे १.२ मीटर लांबीचा हात एक किलोमीटरवरून चार कलांचा कोन करतो, आणि निरोगी डोळा साधारण एका कलेपर्यंतचे भेद ओळखतो. म्हणजे तेवढ्या अंतरावरून हाताचा कल कळतो, त्यावरचा पांढरा पट्टा कळत नाही. कॅमेऱ्याची स्थिती याहून बिकट: ५० मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात एक किलोमीटरवरचा हात फिल्मवर अवघा ०.०६ मिलिमीटर उमटेल. तोच ३० मीटरवरून २ मिलिमीटर. सिग्नल वाचता यावा असे चित्र हवे असेल, तर सिग्नल जवळ आणि गाडी त्याच्यामागे अशी जागा निवडावी लागते.

तिसरी गोष्ट दिशेची. थांबा-सिग्नलचा पुढचा भाग लाल, त्यावर पांढरा पट्टा; मागचा भाग पांढरा, त्यावर काळा पट्टा. कृष्णधवल चित्रातही हा फरक उघड दिसतो: गडद हातावर फिका पट्टा म्हणजे आपण चालकाच्या बाजूने पाहत आहोत, फिक्या हातावर गडद पट्टा म्हणजे मागून. चालकाच्या बाजूने पाहताना हात नेहमी खांबाच्या डावीकडे असतो. एखाद्या चित्रात गडद हात उजवीकडे दिसला, तर बहुधा निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली आहे! पाटीवरची अक्षरे दिसत नसतील तेव्हा ही युक्ती फार उपयोगी पडते.

शेवटी क्षणाची गोष्ट. गाडी सिग्नलच्या अलीकडे आणि हात 'चला'त असेल, तर परवानगी मिळालेली आहे. गाडी पूर्ण पलीकडे गेली आणि हात अजून तसाच असेल, तर चित्र त्या मधल्या काही क्षणांत घेतलेले आहे. कारण त्यानंतर केबिनमन तो पुन्हा आडवा करतो. ॲबट्स रिप्टनचा धडा असा नागपूरच्या एखाद्या चित्रातही पाहायला मिळू शकतो.

काय उरले आणि काय करता येईल

मुंबईत बोरीबंदर ते भायखळा या मार्गावर रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल १९२८ मध्येच आले. इतरत्र हातांची जागा दिव्यांनी हळूहळू घेतली. विजेच्या तारांचे खांब उभे राहिल्यावर त्या गर्दीत हात ओळखणे अवघड झाले, आणि दिवा दिवसाही लांबून दिसतो. नागपूर परिसरात जुन्या वळणाचे सिग्नल नॅरोगेजच्या चित्रांत अधिक भेटतात. पण छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस आणि नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. मोतीबागेत डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे इंजिने, डबे आणि जुनी उपकरणे पाहता येतात. मात्र संग्रहालयातला खांब तारेविना उभा असतो. तो कामात कसा दिसे, कोणत्या अंतरावर होता, त्याच्या शेजारी काय होते, हे सांगायला आता छायाचित्रे आणि त्या कामावरची निवृत्त माणसे एवढेच उरले आहे.

शाळेत तीन गोष्टी सहज करता येतील.

पहिली, पुठ्ठ्याचे दोन सिग्नल करावेत, एक पडणारा आणि एक उठणारा. टाचणीची खिळी, दोऱ्याची तार, आणि वजनासाठी नाणी. पडणाऱ्या सिग्नलला दुसऱ्या बाजूला किती नाणी लावली म्हणजे दोरा कापल्यावर हात आडवा होतो, हे मुलांनी शोधावे. मग हाताच्या टोकाला मातीचा गोळा चिकटवून पुन्हा दोरा कापावा. दोन्ही हात कसे वागतात, ते वहीत लिहावे.

दुसरी, घराघरांतले जुने अल्बम धुंडाळावेत. अजनी, इतवारी, मोतीबाग या भागांत रेल्वेत नोकरी केलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. चित्र सापडले, की त्याच्या मागे पेन्सिलीने स्थानक, साल, गाडीची दिशा, छायाचित्रकार कुठे उभा होता आणि हात कसा होता, हे लिहावे. चित्राखाली नुसते 'आगगाडी, नागपूर' एवढेच लिहिलेले असेल, तर वीस वर्षांनी ते कोणाच्या उपयोगी पडत नाही.

तिसरी, निवृत्त केबिनमन, सांधेवाले, लाइनमन यांना शाळेत बोलवावे. मे महिन्यात तारेचे चाक दिवसातून किती वेळा फिरवावे लागे? पावसात दिवा विझला तर केबिनमधून कसे कळे? खटका जड जातोय की अडकला आहे, हे हाताला कसे समजे? ही माहिती बहुतेक नियमपुस्तकांत सापडत नाही, आणि ती सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

नवी छायाचित्रे काढायची हौस मुलांना लागली तर उत्तमच. मात्र रुळांवर किंवा रुळांच्या कडेला जाऊन चित्र काढू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि रुळावरचा धोका त्या दंडाहून फार मोठा आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा पूल किंवा फाटकाबाहेरची मोकळी जागा पुरेशी असते. स्थानकात काही टिपायचे असेल, तर शाळेच्या पत्रासह आधी स्टेशनमास्तरांची परवानगी घ्यावी. चित्र काढताना इंजिन चौकटीत बसले, की लगेच बटण दाबू नका. शेजारचा सिग्नलही चौकटीत आला आहे का, ते पाहा. आज तो दिवा आपल्याला अगदी साधा वाटतो. आणखी पन्नास वर्षांनी कोणा विद्यार्थ्याला तोच आधी वाचावासा वाटेल.